बत्तीस पानांची पंगत

मराठीत लॅपटॉप फॉरमॅट करत नाहीत, त्याला फॉरमॅट मारतात. शिक्का मारणे, थाप मारणे, दांडी मारणे याच घराण्यातलं हे क्रियापद, आणि प्रत्यक्ष कामात तिन्हींचा थोडाथोडा अंश असतो. मला फॉरमॅट मारता येतो ही गोष्ट मी बँकेत एकतीस वर्षं कुणाला कळू दिली नाही. निवृत्तीनंतर बायकोच्या आग्रहाखातर सोसायटीच्या चेअरमनांच्या लॅपटॉपला एकदा मारून दिला आणि घात झाला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका राहतात. शाळा नदीच्या अलीकडची की पलीकडची, एवढंही मी सांगणार नाही. पुण्यात तेवढ्यावरून लोक शाळा ओळखतात, आणि उरलेल्या शाळांचे माजी विद्यार्थी खूश होतात. तर त्या बाई एका संध्याकाळी लाडवांचा डबा घेऊन आल्या. पुण्यात शेजारचे लाडू संक्रांत-दिवाळी सोडून इतर वेळी आले तर खाण्याआधी दोनदा विचार करावा. मी केला नाही.

"शाळेला जुने लॅपटॉप मिळालेत हो देणगीत. बत्तीस आहेत. नुसती विंडो टाकायची आहे."

'नुसती' हा शब्द ऐकून माझ्यासारख्या बँकेतल्या माणसाने सावध व्हायला हवं होतं. 'नुसती सही करायची आहे' म्हणत आलेले जामीनदार मी जन्मभर पाहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पाहिले. एकेकाळी 'विद्यार्थ्यांसाठी खास' म्हणून विकले गेलेले, अंगाने सडपातळ, बुद्धीने त्याहून सडपातळ. २ जीबी रॅम आणि ३२ जीबीची साठवण. या जातीच्या लॅपटॉपची एक शोकांतिका आहे. विंडोज १० त्यांत कशीबशी मावायची, पण पुढे तिचं अपडेट यायचं आणि म्हणायचं, जागा करा. जागा विंडोजनेच व्यापलेली असायची. भाडेकरूने खोलीत इतकं सामान भरावं की त्याला स्वतःलाच आत शिरता येऊ नये, आणि वर त्याने घरमालकाकडे तक्रार करावी, तशातला प्रकार. बत्तीसच्या बत्तीस लॅपटॉप याच तक्रारीवर अडून बसले होते.

भाचा हिंजवडीत असतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, विंडोजचा नाद सोड. हलकं लिनक्स टाक. फुकट आहे, जागा कमी खातं. चार पेनड्राइव्ह तयार करून देतो." एका लॅपटॉपला साधारण २५ मिनिटं लागतील, असं त्याचं म्हणणं. बाई मुळात गणिताच्या. त्यांनी तिथल्या तिथे काळ-काम-वेगाचं उदाहरण मांडलं: चार पेनड्राइव्ह, बत्तीस लॅपटॉप, म्हणजे आठ फेऱ्या, आठ पंचविसे दोनशे. "तीन तास वीस मिनिटं. सकाळच्या अधिवेशनात होऊन जाईल." काळ-काम-वेगाच्या उदाहरणातली माणसं कधी चहा पीत नाहीत, त्यांची वीज जात नाही आणि त्यांना कुणी 'एक मिनिट, जरा प्रिंटर पण बघता का' असं विचारत नाही. म्हणून तर ती उदाहरणं सुटतात.

पेनड्राइव्ह द्यायला भाचा आला तेव्हा पिशवीतून एक पांढरी-पोपटी वस्तू घेऊन आला. वर धरायला मूठ, अंगाने बालवाडीच्या डब्यासारखी. "हा एक्सओ. ओळखतोस?" मी तो उघडायला गेलो तर उघडेना. उलटा करून पाहिला, बिजागरीकडून प्रयत्न केला, शेवटी नखं लावली. भाच्याची मुलगी सहा वर्षांची. तिने माझ्या हातून तो घेतला, दोन्ही बाजूंचे हिरवे कान वर केले आणि उघडला. ते कान म्हणजे वायफायचे अँटेना, तेच खटके, आणि तेच यूएसबीच्या भोकांवरचं झाकण. मोठ्या माणसांना हा लॅपटॉप उघडत नाही, ही त्याची जगभर ख्याती आहे.

या एक्सओची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबचे निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५ साली जाहीर केलं की जगातल्या गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरचा लॅपटॉप मिळाला पाहिजे. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' असं त्यासाठी काढलेल्या संस्थेचं नाव. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युनिसच्या जागतिक परिषदेत पहिला नमुना दाखवला. वीज नसलेल्या गावांसाठी त्याला बाजूने दांडा होता, उसाच्या गुऱ्हाळासारखा फिरवायचा. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी तो मोठ्या कौतुकाने फिरवला आणि तो त्यांच्या हातात आला. पुढे बाजारात आलेल्या यंत्राला दांडा नव्हता. शंभर डॉलरही नव्हते; २००७ च्या अखेरीस किंमत १८८ डॉलरपर्यंत गेली होती, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण साडेसात हजार रुपये. विजेचा प्रश्न मात्र उरलाच. भारतातल्या मंडळींनी त्यावर गाय जुंपून डायनॅमो फिरवण्याचा प्रयोग करून पाहिला. गाय गोल फिरणार, लॅपटॉप चार्ज होणार. गाईचं मत कुणी नोंदवलेलं नाही.

आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली या योजनेला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला तो आपल्याच घाटाखाली, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत भागात, खैरात नावाच्या धनगरवाड्यावर. एक खोली, एक गुरुजी, पहिली ते चौथीचे वर्ग एकत्र आणि वीस-बावीस मुलं. पुण्याहून मुंबईला जाताना कर्जतला आपण वडापाव घेण्यासाठी खिडकीतून हात बाहेर काढतो, त्याच्या आसपासच्या डोंगरात ही मुलं हिरव्या रबरी कळांवर बोटं चालवत होती. माझ्या बँकेत तेव्हा नव्या संगणकावर प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं असायचं आणि ते काढायला मॅनेजरची परवानगी लागायची.

एक्सओला नवी सिस्टिम टाकायची रीत भाच्याने दाखवली. पेनड्राइव्ह लावायचा. पडद्याच्या उजवीकडे खेळाच्या चार कळा असतात, गोल, चौकोन, फुली आणि बरोबरची खूण. त्या चारही एकदम दाबून धरायच्या आणि त्याच वेळी खालचं पॉवरचं बटण दाबायचं. बँकेची तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडते, दोन अधिकारी लागतात. इथे चार कळा आणि एकच माणूस. कळा मुलांच्या बोटांच्या मापाच्या. माझी चार बोटं त्यांवर बसवताना पाचव्या कुठल्या तरी कळेला धक्का लागे, नाहीतर पॉवर दाबायला दुसरा हात नेताना मांडीवरून यंत्रच घसरे. चौथ्या प्रयत्नात जमलं. तेव्हा पडद्यावर इंग्रजीत वाक्य आलं, त्याचा अर्थ: आता खेळाच्या कळा सोडा, म्हणजे पुढे जाऊ. मी इतका खूश झालो होतो की सोडायलाच विसरलो.

पण खरी गंमत पुढेच आहे. एक-दोन यंत्रं असतील तर ठीक. उरुग्वे देशाने २००७ मध्ये 'प्लॅन सेइबाल' सुरू केली आणि २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात एक्सओ दिला. (नावातला सेइबो म्हणजे आपल्या पांगाऱ्याचा चुलतभाऊ. तांबड्या फुलांचं ते झाड उरुग्वेचं राष्ट्रीय फूल पुरवतं.) लोकसंख्येने तो देश म्हणजे साधारण पुणे शहराएवढा. लाखोंनी लॅपटॉप, आणि दर वेळी नवी आवृत्ती आली की चार-चार बोटं दाबत कोण बसणार? त्यावर 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'च्याच मिच ब्रॅडली यांनी नँडब्लास्टर नावाची युक्ती काढली. यंत्राच्या अगदी मुळाशी असलेलं फर्मवेअरही त्यांचंच. दर हुकमानंतर नम्रपणे 'ओके' म्हणणारं.

नँडब्लास्टर समजायला संगणकशास्त्र लागत नाही, गणपतीची आरती पुरते. आरतीला जमलेल्या तीस जणांपैकी पाठ दोघांना असते. बाकीचे टाळ्या वाजवतात, ओठ हलवतात, ध्रुपदाला एकदम मोठ्याने येतात, आणि रोज एखादं कडवं उचलत अनंत चतुर्दशीपर्यंत पुरी करतात. इथेही एक लॅपटॉप म्होरक्या होतो. सगळ्या सिस्टिमचे तुकडे करून तो बिनतारी लहरींवरून म्हणत सुटतो. कुणाला ऐकू आलं, कुणाला नाही, हे तो विचारत नाही. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. बाकीचे लॅपटॉप नुसते ऐकतात. एखाद्याचा सदतिसावा तुकडा निसटला तर तो हात वर करून सगळ्यांना थांबवत नाही, पुढच्या फेरीत सदतिसावा येईपर्यंत वाट बघतो. त्यामुळे खोलीत दहा यंत्रं असोत की पन्नास, वेळ जवळपास तेवढाच. पेनड्राइव्हची पद्धत म्हणजे पंगत: एक वाढपी, बत्तीस पानं, मीठ वाढत शेवटच्या पानापर्यंत जाईस्तोवर पहिल्या पानावरचा भात निवालेला.

हे ऐकल्यावर मला वाढपी व्हायची लाज वाटू लागली. "आपणही आरती करू," मी भाच्याला म्हटलं. त्याने सांगितलं, साध्या लॅपटॉपसाठीही सोय आहे. तैवानच्या महासंगणन केंद्रातल्या लोकांनी क्लोनझिला नावाचं साधन केलंय. ते ४१ संगणकांवर एकाच वेळी, सुमारे दहा मिनिटांत, सगळी सिस्टिम उतरवू शकतं. दहा मिनिटं! मी मनातल्या मनात अकरा वाजता घरी येऊन आमटी-भात जेवलोसुद्धा. मग भाच्याने एक लॅपटॉप हातात घेतला, चारी बाजूंनी फिरवून पाहिला आणि म्हणाला, "पण त्याला नेटवर्कची वायर लावावी लागते, मामा. याला वायरचं भोकच नाही."

सडपातळपणासाठी ते काढून टाकलेलं होतं.

म्हणजे पंगतच. तपकीर गल्लीत जाऊन तीन एक्सटेन्शन बोर्ड आणले. दुकानदाराने विचारलं, "मांडवासाठी का?" मी "हो" म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्याने स्वतःच्या मुलाचा लॅपटॉप काढला असता.

बुधवारी सकाळी साडेसातला शाळेत हजर झालो. संगणक कक्षाच्या दाराशी पाटी: 'पादत्राणे बाहेर काढावीत'. ज्या खोलीत बूट घालायला बंदी त्याच खोलीत पुढचे दोन दिवस मी 'बूट हो, बूट हो' म्हणून विनवण्या करत होतो. खोलीत प्लगची भोकं पाच, चालू एक. ते सरस्वतीच्या तसबिरीवरच्या दिव्याचं. शिपाईमामांनी देवीला नमस्कार करून दिवा काढला आणि आमचा बोर्ड लावला. "साहेब, पंखा आणि लॅपटॉप दोन्ही एकदम नाही चालायचं. काय ते ठरवा." एप्रिल महिना होता. मी लॅपटॉप म्हणालो आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं.

पेनड्राइव्हवरून सुरू करायचं तर लॅपटॉप जागा होत असतानाच एक ठरावीक कळ दाबावी लागते. कुठली, ते कंपनीवर. कुणाची एफ २, कुणाची एफ १२, कुणाची एस्केप, कुणाची डिलीट. संधी एक-दोन सेकंदांची. लग्नात अक्षता टाकायला मिळते तेवढी. चुकली की विंडोज उघडते, जागा नाही म्हणून रडते, तिला बंद करा, पुन्हा पहिल्यापासून. चारही पेनड्राइव्ह मी एकदम लावले. पंचवीस मिनिटांनी चारही एकदम संपले, चारही यंत्रं एकदम वेगवेगळे प्रश्न विचारू लागली, आणि मी एकटा. त्या गोंधळात सतरा नंबरचा लॅपटॉप पुन्हा सुरू करण्याऐवजी मी पूर्ण झालेल्या नऊ नंबरवर नव्याने फॉरमॅट मारला. तो बिचारा काही बोलला नाही.

मधल्या सुट्टीपर्यंत सहा झाले होते. सातवीतली एक मुलगी खिडकीत डबा खात उभी होती. बराच वेळ बघून म्हणाली, "आजोबा, तुम्ही चारही एकदम का लावता? म्हणून एकदम संपतात. पाच-पाच मिनिटांनी लावा ना, म्हणजे एकेक संपेल."

एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर रांगा सांभाळलेल्या माणसाला हे डबा खाता खाता सांगितलं गेलं. पुढे मी फार बोललो नाही. बाईंनी त्या वर्गातली चार मुलं माझ्याकडे दिली. त्यांनी पेनड्राइव्हना चार रंगांच्या रिबिनी बांधल्या, फळ्यावर एक ते बत्तीस आकडे लिहिले, ज्याचं झालं त्यापुढे बरोबरची खूण. कुणाची कुठली कळ, हेही त्यांनी खडूने लॅपटॉपच्या पोटावर लिहून टाकलं. मला खुर्ची दिली. माझं काम म्हणजे अधूनमधून "शाब्बास" म्हणणं.

कळफलकाचा प्रश्न मात्र मोठ्यांचा होता. सिस्टिम टाकताना यंत्र विचारतं, मराठी कुठल्या पद्धतीने लिहिणार? मी इन्स्क्रिप्ट निवडलं. का निवडू नये? ते १९९१ पासून भारतीय मानक आहे आणि त्यामागे सीडॅकचं काम आहे, म्हणजे आपल्या पुण्यातल्या संस्थेचं. घरचाच आंबा. पण इन्स्क्रिप्टमध्ये एच दाबला की 'प' येतो, जे दाबलं की 'र' येतो, आणि डी म्हणजे पाय मोडणे. बाईंना मोबाइलसारखं रोमन अक्षरांतून लिहायची सवय. त्यांनी शाळेचं नाव लिहून पाहिलं आणि जे उमटलं ते बघून म्हणाल्या, "अहो, हे तमिळ आलं." शाळेचे लेखनिक टंकलेखनाची परीक्षा पास झालेले, त्यांची बोटं अजून रेमिंग्टनच्या यंत्रावर आहेत. त्यांनी डोळे मिटून, अभिमानाने एक ओळ टाइप केली. ती कुठल्याच भाषेत नव्हती. शेवटी तिन्ही पद्धती ठेवल्या, आणि बदलायची कळ एक. परिणाम असा की आता कुणीही लिहायला बसलं तर आधीच्या माणसाच्या पद्धतीत पहिला शब्द लिहितो, चुकचुकतो, मग कळ दाबतो. मुलांना यात अडचण आली नाही. त्यांनी दोन तासांत एकमेकांना रेमिंग्टनमध्ये शिव्या लिहून इन्स्क्रिप्टमध्ये वाचायची सांकेतिक भाषा तयार केली.

दुपारी अडीचपर्यंत सव्वीस झाले. उरलेले उद्या, असं मी म्हणालो. उद्या गुरुवार. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे बत्तीस लॅपटॉपना माहीत नसणं समजू शकतो. माझा जन्म शनिवार पेठेतला. दुसऱ्या दिवशी पाऊण दिवस आम्ही अंधारात बसलो. मुलांनी बॅटरीवर चालणाऱ्या सव्वीस लॅपटॉपच्या उजेडात गाण्याच्या भेंड्या खेळल्या. नेग्रोपाँटे कंबोडियातल्या एका खेड्याची आठवण सांगत असत: तिथे घरात लॅपटॉपच सगळ्यांत मोठा दिवा ठरला म्हणून आईबाप खूश होते. शिक्षणाचं काय झालं ते झालं. पेरू देशाने असे आठ लाखांहून अधिक लॅपटॉप घेतले आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुलांच्या गणितात नि भाषेत फरक दिसला नाही. गणित सुधारायला लॅपटॉप देणं हा मला पहिल्यापासून पाव्हण्याच्या काठीने साप मारण्याचा उद्योग वाटत आलाय. पण उजेड पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

साडेतीनला वीज आली, सहापैकी पाच झाले. सगळे यंत्रशास्त्राच्या नियमाप्रमाणे एकसारखे: तीच निळी पाटी, तीच चार चित्रं, 'शाळा' हेच नाव. एक्सओच्या पाठीवरच्या चिन्हाला चारशे तऱ्हांच्या रंगजोड्या दिलेल्या असत, म्हणजे ढिगातून आपलं यंत्र ओळखता यावं. आमच्याकडे तशी सोय नव्हती. सोमवारी पुन्हा गेलो तर तिची गरजही नव्हती. अकरा लॅपटॉपवर राजगड होता, चारांवर क्रिकेटपटू, एकावर कुणाच्या तरी घरचं मांजर, आणि नऊ नंबरवर, ज्याला मी दोनदा मारलं होतं, माझा खुर्चीत बसून डुलकी घेतानाचा फोटो.

राहिला सतरा नंबर. त्यात सिस्टिम तेवढी टाकायची राहिली आहे, पण तो चार्जच होत नाही. एक्सओला म्हणे ११ ते १८ व्होल्टमधलं काहीही चालायचं, गाडीची बॅटरीदेखील. याला त्याचाच बारीक पिनचा १२ व्होल्टचा चार्जर लागतो, आणि तो देणगीत आलाच नाही. तपकीर गल्ली दोनदा पालथी घातली. पिन मिळते तर व्होल्ट जमत नाहीत. तुमच्या माळ्यावर, जुन्या लॅपटॉपच्या खोक्यात, तसा एखादा पडून असेल तर आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आणून द्या. लाडवांचा डबा रिकामा करून परत पाठवायचाय, त्याच्यासोबत देता येईल.